न घडलेल्या देशाचं दप्तर

इतिहास म्हंजे जे घडलं ते, असं शाळेत शिकवतात. जे घडू दिलं नाही, त्याचा इतिहास कोण लिहिणार? त्याचंही दप्तर असतं दोस्तांनो, आणि ते आपल्यापाशी आहे. दादरच्या हिंदू कॉलनीत ज्या माणसानं पुस्तकं मावावीत म्हणून राजगृह बांधलं, त्यानंच ते लिहिलंय. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीनं घटना समितीसाठी केलेला खलिता, 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'. अगदी घटनेसारखी कलमं पाडलेली. देशाला नावसुद्धा दिलंय : युनायटेड स्टेट्स ऑफ इंडिया.

त्या देशात शेती हा सरकारी उद्योग. जमीन सरकारनं घ्यायची आणि गावातल्या कुटुंबांनी ती मिळून कसायची, जातपात न बघता. पाणी, बैल, अवजारं, खत, बी सरकार पुरवणार. जमीनदार नाही, कूळ नाही, भूमिहीन मजूर नाही. म्हंजे पाटलाच्या खळ्यावर हात पसरणं नाही, येसकराची पाळी नाही. मूळ उद्योग सरकारचे, विमा सरकारचा. अस्पृश्यांसाठी वेगळी गावं, त्यासाठी दरसाल ५ कोटी रुपये. गावकुसाबाहेर नव्हे, ते गावकूसच सोडून! आणि हे सगळं घटनेतच लिहायचं. आजच्या सरकारनं दिलं, उद्याच्यानं काढून घेतलं, ही सोयच नको.

१९४९ ला घटना झाली. त्यातलं थोडंफार मार्गदर्शक तत्त्वांत गेलं, जी कोर्टात जाऊन मागता येत नाहीत. आयुर्विमा १९५६ ला सरकारी झाला. मुंबईतल्या कितीतरी गिरण्या १९७४ च्या कायद्यानं, त्याही आजारी पडल्यावर. रस मालकानं पिला, चोथा सरकारच्या गळ्यात.

लाल बावट्याचे मित्र म्हणतील, हे तर आमचंच. थांबा. गिरणीत साचेखात्यात अस्पृश्याला घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढायला लागायचा, तो बाटायचा म्हणे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल युनियनपुढं टाकला. गिरणी सरकारी झाली म्हणून तोंडातला विटाळ जातो काय? म्हणून खलित्यात जमिनीशेजारीच जात लिहिलीय.

'रिडल्स'चं हस्तलिखित १९८७ पर्यंत छापलंच गेलं नव्हतं. छापल्यावर ते टिकवायला १९८८ ला आपली माणसं मुंबईच्या रस्त्यावर उतरली. हा खलिता मात्र १९४७ सालीच छापला. त्याला कुणी कुलूप लावलं नव्हतं. पुतळ्याची उंची मोजणाऱ्या आपल्याच पुढाऱ्यांनी तो उघडला नाही, एवढंच.

६ डिसेंबर २०११ ला आपली माणसं दादरच्या इंदू मिलमध्ये घुसली. स्मारकाला साडेबारा एकर मिळाले. लढाई खरीच होती. पण खलित्यात देशातली सगळी शेतजमीन मागितलीय.

१९७९ ला सरकारनं काढलेल्या पहिल्या खंडात तो आहे. अनुच्छेद २, विभाग २, कलम ४. इंग्रजी जड जातं, मलाही गेलं. शब्दकोश जवळ घेऊन बसा.