टेपला शेवटच नसेल तर?

दुकानात दिवसभर एकच जाहिरात वाजवायची असेल, तर दर वेळी टेप मागे कोण घेणार? १९५०च्या दशकात अमेरिकेत बर्नार्ड कुसिनोने यावर उपाय काढला: टेपची दोन टोकंच जोडून टाका!

चक्री एकच. टेप मधून ओढायची, बाहेरून परत गुंडाळायची. गोची अशी की आतला वेढा लहान, बाहेरचा मोठा. म्हणजे प्रत्येक थर शेजारच्या थरावरून सतत घसरायला हवा. त्यासाठी टेपच्या पाठीला ग्राफाइट लावलं. मग रिवाइंड मात्र विसरा!

जॉर्ज ईशची फिडेलिपॅक याच तत्त्वावर रेडिओ स्टेशनांत रुळली. तिच्यात टेप दाबणारा रोलर प्लेअरमध्ये असे. १९६४ मध्ये लिअरजेट विमानवाल्या बिल लिअरने ८-ट्रॅकमध्ये तो रोलर कार्ट्रिजमध्येच बसवला. प्लेअर सोपा झाला आणि १९६५ मध्ये फोर्डच्या गाड्यांत पोचला.

पण आज जुनी कार्ट्रिज उघडली तर कित्येकदा तोच रबरी रोलर चिकट लगदा झालेला सापडतो. एका प्लेअरची कटकट हजारो कार्ट्रिजमध्ये वाटली गेली. कोड लिहिताना आपण तरी दुसरं काय करतो? गुंतागुंत संपत नाही राव, फक्त जागा बदलते. कुठे सरकवायची, तेच खरं डिझाइन.