बांधणी

बांधणी : कापडाचे बारीक बिंदू दोऱ्याने आवळून बांधावयाचे व मग ते रंगात बुडवावयाचे, म्हणजे बांधलेला भाग कोरा राहून नक्षी उमटते, या तत्त्वावरील वस्त्ररंजनाची भारतीय पद्धती व तीनुसार रंगविलेले वस्त्र. गुजरातमधील जामनगर, भूज, मांडवी आणि राजस्थानातील जयपूर, जोधपूर, सीकर, बीकानेर ही तिची प्रमुख केंद्रे होत.

बांधणीचा स्पष्ट प्राचीन उल्लेख बाणभट्टाच्या हर्षचरितात (सातवे शतक) आढळतो. राज्यश्रीच्या विवाहाच्या तयारीत नक्षीकुशल अशा नगरातील वृद्ध गृहिणी वस्त्रे बांधीत आहेत आणि रजक ती रंगवीत आहेत, असे वर्णन त्यात येते. अंतःपुरातील वृद्धा या रजकांचा सत्कार करतात. बांधणाऱ्या स्त्रियांच्या सत्काराचा निर्देश मात्र तेथे नाही. अजिंठ्याच्या चित्रांतील ठिपकेदार वस्त्रेही पुराव्यादाखल दाखविली जातात. तथापि चित्रातील ठिपका बांधून आलेला की छापून, हे सांगणे कठीण.

बाणाने नोंदलेली श्रमविभागणी पुढेही बव्हंशी टिकली. कच्छमध्ये रंगकाम खत्री समाजातील पुरुषांकडे, तर बांधकाम घरोघरच्या स्त्रियांकडे असते. घडी घातलेल्या कापडावर गेरूने नक्षी उमटवून ते त्यांच्याकडे येते. करंगळीच्या वाढविलेल्या नखाने किंवा टोकदार अंगठीने कापडाचा कण उचलावयाचा, त्याभोवती दोऱ्याचे वेढे घ्यावयाचे व दोरा न तोडता पुढील बिंदूकडे जावयाचे, असा हा क्रम आहे. कच्छमध्ये एका बिंदूस ‘भिंडी’ व चार बिंदूंच्या गटास ‘कडी’ म्हणतात. मजुरी गाठींच्या संख्येवर ठरते. उत्तम ओढणीत कित्येक हजार गाठी असतात व ती बांधण्यास अनेक महिने लागतात. हे काम स्वयंपाक व मुलेबाळे सांभाळून, फावल्या वेळात होत असल्याने ते ‘जोडधंदा’ मानले जाते. वस्तुतः वस्त्राचे मोल त्यावरच अवलंबून असते.

रंग फिक्याकडून गडदाकडे चढवितात. पांढरे राहावयाचे बिंदू प्रथम बांधून कापड पिवळ्या रंगात, मग पिवळे राखावयाचे बिंदू बांधून तांबड्यात, आणि गरजेनुसार शेवटी काळ्यात बुडवितात. पूर्वी हळद, डाळिंबाची साल, मंजिष्ठ, नीळ ही रंगद्रव्ये आणि तुरटी, हिरडा हे रंगबंधक वापरीत. जर्मनीत 1868 मध्ये मंजिष्ठेतील अलिझरीन कृत्रिम रीतीने तयार झाले आणि पुढे रासायनिक रंगांनी वनस्पतिज रंगांना बहुतांशी मागे सारले. रंगाऱ्याचे काम त्यामुळे आटोपशीर झाले. गाठ बांधण्यास लागणारा वेळ होता तितकाच राहिला.

गुजराती वधूचे जरीच्या चौकटींचे घरचोळे आणि कच्छी मुस्लिम वधूची चंद्रोखणी ही प्रसिद्ध विवाहवस्त्रे होत. तिरप्या पट्ट्यांचा राजस्थानी लहरिया याच तत्त्वावर, पण कापड गुंडाळून रंगवितात.

या कलेची नक्कलही जुनीच आहे. इंग्रजीतील ‘बंडाना’ हा शब्द ‘बांधनू’ या हिंदी शब्दावरून आला. बंगालमधून जाणाऱ्या अशा ठिपकेदार रुमालांची नक्कल एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ग्लासगो येथे तांबड्या कापडावरील ठिपके विरंजकाने उडवून होऊ लागली. आता जाळीछपाईने तेच काम काही मिनिटांत होते. म्हणून जाणकार ग्राहक गाठी न सोडलेले वस्त्र पसंत करतो. विक्रीच्या वेळी दोघांनी ते आडवे ताणले, की दोरे तटातट सुटतात आणि प्रत्येक बिंदूपाशी चुणीचे लहानसे टोक उभे राहते. छापील कापडात ते नसते.