अर्जनवीस
अर्जनवीस : मोबदला घेऊन इतरांसाठी अर्ज, प्रतिज्ञापत्रे व दस्त लिहून देणारा स्वतंत्र व्यावसायिक. पूर्वी हे लेखन मोडीत होई (पहा : मोडी लिपी). मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 नुसार शंभर रुपये व त्यावरील किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. त्यातून अर्जनवीसांची मागणी वाढली. खरेदीखताचा मुख्य मजकूर ‘कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसा जे’ असा सुरू होतो. पुढे गट क्रमांक, क्षेत्र, आकार, चतुःसीमा आणि अंकी-अक्षरी रक्कम येते. चतुःसीमेतील चूक पुढे बांधाच्या वादाचे मूळ ठरते, म्हणून हा भाग सर्वांत कसोटीचा. दस्तांप्रमाणेच अर्जलेखनही चालते; उदा., मनमाड नांदगाव तालुक्यात असल्याने तेथील सातबारा दुरुस्ती, उत्पन्नाचा दाखला यांचे अर्ज नांदगाव तहसीलदारांच्या नावे लिहिले जातात (पहा : सातबारा उतारा, मुद्रांक शुल्क).