टाकाऊचे मोल

एखादी वस्तू टाकाऊ ठरते ती तिच्या अंगच्या दोषामुळे, की आपल्या अज्ञानामुळे? उद्योगांचा इतिहास चाळला, तर पुष्कळदा दुसरेच उत्तर हाती येते.

एकोणिसाव्या शतकात दिवाबत्तीसाठी दगडी कोळशापासून वायू काढीत. मागे उरलेल्या दुर्गंधीयुक्त डांबराचे करावे काय, ही कारखानदारांची विवंचना असे. १८५६ साली विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा इंग्रज विद्यार्थी हिवतापावरील क्विनीन कृत्रिम रीतीने बनवू पाहत होता. क्विनीन साधले नाही. मात्र डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून जांभळा रंग गवसला. त्यातूनच कृत्रिम रंगांचा प्रचंड उद्योग उभा राहिला.

आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात हीच कथा नाफ्त्याच्या रूपाने घडली. १९५४-५५ साली ट्रॉम्बे येथे दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. खनिज तेलातून रॉकेल, डिझेल वेगळे करताना नाफ्ताही निघे. त्याला देशात पुरेसे गिऱ्हाईक नव्हते. १९६१ साली स्थापन झालेल्या ‘नोसिल’ कंपनीने १९६८ साली या पट्ट्यात नाफ्त्याचे विघटन करणारा कारखाना चालू केला. सिडकोची स्थापना व्हायला तेव्हा दोन वर्षे अवकाश होता. वाफेच्या संगतीने तीव्र उष्णता दिली की नाफ्त्याचे रेणू तुटतात आणि इथिलीनसारखे वायू मिळतात. प्लास्टिकचा कच्चा माल तो हाच. नको असलेल्या नाफ्त्यातून घरोघरीच्या बादल्या व डबे घडू लागले.

परंतु या हिशेबात एक रकाना कोराच राहिला. पट्ट्यातील कारखान्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे ठाण्याच्या खाडीत जात राहिले. ज्याचे मोल कारखान्याला उमगले ते आत राहिले. उरलेले खाडीवर पोट असलेल्या कोळी-आगरी कुटुंबांच्या दारी गेले. त्यांच्या रिकाम्या जाळ्यांची नोंद कोणत्याही ताळेबंदात झाली नाही.

१९९२ साली नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली. अलीकडे तिने कोपरखैरणे व ऐरोली येथे, शुद्ध केलेले मलजल पुन्हा सूक्ष्म गाळणीतून काढून कारखान्यांना देण्याची केंद्रे उभारली आहेत. प्रत्येकाची क्षमता दररोज दोन कोटी लिटर आहे. कारखाने हे पाणी जितके वापरतील, तितके धरणाचे पाणी माणसांसाठी वाचेल.

२०२२ साली ठाणे खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळींत स्थान मिळाले. तो मान टिकवायचा, तर टाकाऊतून किती कमावले एवढेच विचारून आम्हांला भागणार नाही. जे अजूनही टाकले जाते, ते कोणाच्या दारी जाते, हेही विचारावे लागेल.