उघडझापीचा ताल : दुचाकीच्या इंडिकेटरचा बल्ब ते एलईडी

मोटारसायकलचा इंडिकेटर हा तिच्या सुट्या भागांपैकी अगदी किरकोळ भाग मानला जातो. तो तुटला तरी गाडी थांबत नाही आणि त्याचा बल्ब उडाला तरी कित्येक दिवस तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. तरीही वाहनावरील बहुतेक भाग चालकाच्या स्वतःच्या उपयोगाचे असताना हा एक भाग मात्र मागून-पुढून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी असतो, आणि म्हणूनच त्याचा इतिहास हा एका संकेतभाषेचा इतिहास ठरतो. या भाषेत काचेचा बल्ब प्रकाश देण्याखेरीज आणखी दोन कामे मुकाट्याने करत होता: उघडझापीचा ताल त्याच्यामुळे धरला जाई आणि एखादा दिवा निकामी झाल्याची खबरही त्याच्याकडूनच मिळे. बल्बच्या जागी एलईडी, म्हणजे विजेच्या प्रवाहाने थेट प्रकाश देणारा अर्धवाहकाचा सूक्ष्म तुकडा, बसवला जाऊ लागला तेव्हा ही दोन कामे कोणाकडे सोपवायची, हा प्रश्न कारखान्यांपासून रस्त्याकडेच्या गॅरेजपर्यंत सर्वांपुढे उभा राहिला.

विजेच्या दिव्यापूर्वी वळण सांगण्याचे काम हाताचे होते. भारतात रस्त्यावरील वर्तनाच्या १९८९च्या नियमावलीतही हातवाऱ्यांची रीत सविस्तर सांगितलेली आढळते: उजवीकडे वळताना उजवा हात आडवा बाहेर काढून तळवा पुढे धरावा, डावीकडे वळताना तोच हात घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावा आणि वेग कमी करताना तळवा खाली ठेवून हात वर-खाली हलवावा. हे सर्व संकेत उजव्या हाताचे आहेत, कारण ही पद्धत मूळ मोटारीच्या खिडकीत बसलेल्या चालकासाठी बेतलेली आहे. दुचाकीवर मात्र उजव्याच मुठीत अ‍ॅक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक असतो. त्यामुळे वळणाच्या ऐन क्षणी, जेव्हा वेगावर सर्वाधिक ताबा हवा, तेव्हाच तो हात मुठीवरून काढावा लागे. साठ-सत्तरच्या दशकांत रस्त्यावर आलेल्या पुष्कळ स्कूटर आणि मोटारसायकलींना इंडिकेटर नव्हते, आणि त्यांच्या चालकांची सगळी पिढी ‘साइड दाखवणे’ म्हणजे हात दाखवणे असेच समजून गाडी शिकली.

मोटारींच्या बाबतीत यांत्रिक उपाय आधी निघाला. युरोपात दोन महायुद्धांच्या दरम्यान गाडीच्या बाजूच्या खाचेतून बाहेर येणारा लहानसा उजळ हात रूढ झाला, तर अमेरिकेत ब्यूइक कंपनीने १९३९च्या मोटारींवर उघडझाप करणारे विजेचे दिवे बसवले आणि पुढे जगाने हीच रीत उचलली. दुचाकीपर्यंत ती पोहोचायला बराच काळ लागला, कारण त्यासाठी लागणारी वीजच तिथे तुटपुंजी होती. जुन्या अनेक मोटारसायकलींची विद्युतव्यवस्था ६ व्होल्टची असे. दहा वॅटच्या बल्बला १२ व्होल्टवर सुमारे ०.८ अँपिअर प्रवाह पुरतो, परंतु ६ व्होल्टवर त्याच्या दुप्पट लागतो. शिवाय गंजलेल्या जोडांमध्ये आणि बारीक वायरीत वाया जाणाऱ्या दाबाचा हिस्साही अशा व्यवस्थेत मोठा असतो, त्यामुळे दिव्यापर्यंत पोहोचणारा उजेड मंदावत असे.

भारतात हे चित्र १९८०च्या दशकात बदलले. आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२पासून बाहेर पडणारी बजाज चेतक तेव्हा मध्यमवर्गाची गाडी झालेली होती, आणि जपानी कंपन्यांच्या सहकार्याने तयार झालेल्या हिरो होंडा सीडी १०० व यामाहा आरएक्स १०० या मोटारसायकली १९८५ साली बाजारात आल्या. दांड्यावर बसवलेले चार नारिंगी दिवे आणि डाव्या मुठीजवळचे, अंगठ्याने सरकणारे बटण ही रचना यानंतर सर्वसामान्य दुचाकीचा भाग बनली. उजवा हात मुठीवरून न काढता वळण सांगता येणे ही दुचाकीस्वाराच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती.

या रचनेचे मर्म फ्लॅशर नावाच्या डबीत होते. जुन्या प्रकारच्या फ्लॅशरमध्ये तापल्यावर कमी-अधिक प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंची एकत्र जोडलेली पट्टी असते. बल्बकडे जाणारा प्रवाह तिला तापवतो, तापलेली पट्टी वाकते आणि मंडल तुटते, मग ती निवते, सरळ होते आणि मंडल पुन्हा जुळते. ‘टक-टक’ असा ओळखीचा आवाज या जुळण्या-तुटण्याचा असे. यात काळ मोजणारे घड्याळ कुठेच नाही. पट्टी किती लवकर तापेल हे बल्ब किती प्रवाह ओढतो यावर ठरते, म्हणजेच तालाचा खरा धनी बल्ब असतो. म्हणून बॅटरी उतरली की दिवे रेंगाळत, आणि एका बाजूचा एक बल्ब उडाला की प्रवाह निम्मा होऊन उरलेल्या दिव्याची चाल बिघडे किंवा तो नुसताच पेटून राही. पुढे आलेल्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरांपैकी अनेकांत तर बल्ब उडाल्यास उघडझाप मुद्दाम दुप्पट वेगाने व्हावी अशी योजना केली गेली. पाठीमागचा दिवा चालकाला दिसत नाही. तो गेल्याची वार्ता बिघडलेल्या तालातून त्याच्या कानांपर्यंत आणि मीटरमधल्या हिरव्या दिव्यापर्यंत येत असे.

बल्बचे दोषही याच गुणांच्या मुळाशी होते. फिलामेंट, म्हणजे टंगस्टनची अतिबारीक तार, सुमारे अडीच हजार अंश सेल्सियसपर्यंत तापून प्रकाश देते आणि तिने घेतलेल्या विजेचा दहावा हिस्साही उजेड म्हणून हाती लागत नाही. गार तारेचा विरोध तापलेल्या तारेच्या मानाने कितीतरी कमी असल्याने प्रत्येक उघडझापीला तिच्यातून क्षणभर मोठा प्रवाह उसळतो, आणि त्यात एकाच सिलिंडरच्या इंजिनाची थरथर व खड्ड्यांचे हादरे यांची भर पडते. दांड्याला रबराची बैठक दिली जाते ती या हादऱ्यांसाठीच. तरीही ‘बल्ब उडाला’ हे वाक्य गॅरेजमध्ये नित्याचे राहिले.

एलईडीचा इतिहास या सर्वांपासून दूर, प्रयोगशाळांत घडत होता. निक होलोन्याक यांनी १९६२ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीत डोळ्यांना दिसणारा तांबडा प्रकाश देणारा एलईडी तयार केला आणि जॉर्ज क्रॅफर्ड यांनी १९७२ साली पिवळा एलईडी घडवला, परंतु त्यांचा उजेड यंत्रांच्या खुणदिव्यांपुरताच होता. १९९०च्या सुमारास अ‍ॅल्युमिनियम, गॅलियम, इंडियम आणि फॉस्फरस यांच्या संयुगापासून बनलेले तेजस्वी तांबडे व नारिंगी एलईडी तयार होऊ लागले, तेव्हा भर उन्हात दिसणारा रस्त्यावरचा संकेत त्यांच्या आवाक्यात आला. बल्बचा पांढुरका उजेड नारिंगी काचेतून गाळून घ्यावा लागतो आणि त्यात त्याचा बराच भाग वाया जातो. नारिंगी एलईडीचा प्रकाश मुळातच नारिंगी असतो.

भारतीय दुचाकींवर एलईडी मागच्या बाजूने शिरला. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात बजाज पल्सरसारख्या मोटारसायकलींनी मागचा दिवा एलईडीचा केला, मग पुढे हळूहळू इंडिकेटरची पाळी आली. १ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू असेपर्यंत जळता राहणे बंधनकारक झाले आणि विजेची काटकसर हा प्रत्येक दिव्यापुरता विचार करण्याजोगा विषय बनला. विजेवर चालणाऱ्या गाडीत तर दिव्याने खाल्लेला प्रत्येक वॅट-तास अंतरातून वजा होतो. २०२० साली पुन्हा अवतरलेल्या विजेवरच्या चेतकचे सर्व दिवे एलईडीचे आहेत, आणि तिच्या इंडिकेटरमध्ये प्रकाश वळणाच्या दिशेने क्रमाक्रमाने सरकत जातो.

कारखान्यात हा बदल आखून झाला. रस्त्यावर मात्र तो बल्ब काढून त्याच होल्डरमध्ये एलईडी बसवण्याच्या रूपाने, आखणीविना झाला. पुण्याच्या नाना पेठेसारख्या सुट्या भागांच्या बाजारात जुन्याच मापाच्या टोपीचे एलईडी मिळू लागले आणि हौसेने ते बसवणाऱ्यांना लगेच तालाचे कोडे पडले. प्रत्येकी दहा वॅटचे दोन बल्ब मिळून १२ व्होल्टवर सुमारे १.७ अँपिअर प्रवाह घेतात. त्यांच्या जागी प्रत्येकी एक वॅटचे एलईडी बसवले की तो ०.१७ अँपिअरवर येतो. जुन्या फ्लॅशरची पट्टी इतक्याशा प्रवाहाने तापत नाही, त्यामुळे दिवा पेटून तसाच राहतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बल्ब उडाल्याचा समज करून घेऊन वेगाने लुकलुकू लागतो. यावर एलईडीला समांतर विरोधक जोडण्याचा पहिला उपाय निघाला, पण तो विरोधक वाचवलेली सगळी वीज उष्णतेत घालवतो आणि प्लास्टिकला टेकला तर ते वितळवतो. प्रवाहावर विसंबून न राहता स्वतः काळ मोजणारा फ्लॅशर बसवणे हाच खरा उपाय ठरला. अशा फ्लॅशरला स्वतःच्या चालण्यासाठी बहुधा तिसरी, जमिनीला म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडलेली वायर लागते. जुन्या दोन पिनांच्या जागी आलेली ही तिसरी पिन म्हणजे ताल बल्बकडून घड्याळाकडे गेल्याची उघड खूण होय.

याहून सूक्ष्म पेच मीटरमधल्या हिरव्या दिव्याचा आहे. ज्या गाड्यांत दोन्ही बाजूंसाठी असा एकच दिवा असतो, तिथे त्याचे एक टोक डाव्या इंडिकेटरच्या वायरीला आणि दुसरे उजव्या वायरीला जोडलेले असते. डावे बटण दाबले की प्रवाह या दिव्यातून उजव्या बल्बांच्या गार तारांमार्गे जमिनीत उतरतो. तो इतका थोडा असतो की त्या तारा लालही होत नाहीत, परंतु हिरवा दिवा लागतो. उजव्या बल्बांच्या जागी एलईडी आले की एवढासा प्रवाहही त्यांना पुरतो, आणि डावीकडे वळू पाहणाऱ्या गाडीचे चारही दिवे एकदम लुकलुकतात. वाटा वेगळ्या करण्यासाठी प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देणारे दोन डायोड जोडावे लागतात, आणि हिरव्या दिव्याचे मोकळे झालेले टोक जमिनीला द्यावे लागते. होल्डरच्या मागे टेपखाली लपलेली ही दुरुस्ती करणारा ऑटो इलेक्ट्रिशियन पुस्तक न उघडता मंडलाचे पृथक्करण करत असतो, आणि या स्थित्यंतराच्या इतिहासात त्याच्या या विद्येची नोंद झाली पाहिजे.

प्रकाशाच्या पसरणीचा प्रश्नही गंभीर आहे. फिलामेंटचा उजेड जवळजवळ सर्व बाजूंना फाकतो आणि मागचा चकचकीत परावर्तक त्याला गोळा करून ठरावीक कोनांत पाठवतो. एलईडीचा तुकडा मुख्यतः समोरच प्रकाश टाकतो, त्यामुळे बल्बसाठी घडवलेल्या परावर्तकात तो समोरून झगझगीत आणि कडेने फिका दिसू शकतो. पुण्यातील १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थांत दिव्याची चाचणी काच, परावर्तक आणि प्रकाशस्रोत यांना एकत्र धरून, निरनिराळ्या कोनांतून होते, ती याचमुळे. कडेच्या गल्लीतून येणाऱ्याला जो संकेत दिसत नाही, तो कितीही झगझगीत असला तरी अपुराच ठरतो.

या सर्व उलथापालथीत एक गोष्ट मात्र ढळलेली नाही. इंडिकेटरचा रंग नारिंगी असावा आणि त्याने मिनिटाला ६० ते १२० वेळा उघडझाप करावी, ही मर्यादा आजही पाळली जाते. एलईडी सेकंदात हजारो वेळा पेटू-विझू शकतो, तरीही त्याला तापून निवणाऱ्या धातूच्या पट्टीच्याच चालीने चालावे लागते; फ्लॅशरमधली ‘टक-टक’ उरली नाही तिथे ती मुद्दाम निर्माण केली जाते. कारण हा ताल आता यंत्राचा राहिलेला नाही. रस्त्यावरची माणसे तो वाचायला शिकली आहेत, आणि शिकलेली भाषा दिव्यासोबत बदलून चालत नाही. बल्ब होल्डरमधून निघाला, पण त्याने घालून दिलेली लय मागून येणाऱ्या अनोळखी माणसाला अजूनही वळण सांगते आहे.