विषपरीक्षेचा अवधी : रायगडच्या नद्या आणि गोड्या पाण्यातील अपृष्ठवंशी प्राणी

१८९७ च्या हिंदी मत्स्य अधिनियमाच्या पाचव्या कलमाने पाण्यात विष, चुना अथवा अन्य अपायकारक द्रव्य टाकण्यास बंदी घातली. कलमाची शब्दयोजना लक्षात घेण्यासारखी आहे. नुसते विष टाकणे हा तेथे गुन्हा नाही. मासे पकडण्याच्या किंवा नष्ट करण्याच्या उद्देशाने ते टाकणे हा गुन्हा आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जी कृती होती, ती कोकणातही पूर्वापार परिचयाची होती. उन्हाळ्यात ओढ्यांचे डोह आटत आले, की रामेठ्याची साल किंवा गेळाची फळे ठेचून पाण्यात कालवावयाची आणि वर तरंगणारे मासे वेचून घ्यावयाचे, ही ती रीत. विष कोणी टाकले, केव्हा टाकले आणि त्याने काय मेले, हे तिन्ही प्रश्न अशा प्रसंगी एका दिवसात निकालात निघतात. पुढे पाऊणशे वर्षांनी याच जिल्ह्यातील नद्यांना कारखान्यांचे सांडपाणी येऊन मिळू लागले, तेव्हा यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर इतके सरळ राहिले नाही. ‘ज्याने मासा लवकर मरतो ते विष’ ही कल्पना मात्र कायम राहिली. ती कशी राहिली, आणि दरम्यान प्रयोगशाळांत दुसरी कोणती कल्पना सिद्ध झाली होती, हे येथे पाहावयाचे आहे.

ही दुसरी कल्पना भारतीय विचारास अगदीच अपरिचित होती असे नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विषाने दूषित झालेल्या पाण्याची लक्षणे सांगितली आहेत. पाणी बुळबुळीत व फेसाळ होणे, त्यास दुर्गंधी येणे, त्यातील मासे व बेडूक मरणे, ही त्यांपैकी होत. आजच्या भाषेत ही तीव्र विषाची परीक्षाच म्हणावयास हवी. परंतु त्याच कल्पस्थानात ‘दूषीविष’ ही स्वतंत्र संज्ञा आढळते. जे विष क्षीण झालेले असल्यामुळे तत्काळ प्राण घेत नाही, पण शरीरात दीर्घकाळ राहून धातूंना दूषित करते, ते दूषीविष. मराठी परिभाषाकारांनी पुढे ‘तीव्र’ आणि ‘चिरकारी’ ही जोडी रूढ केली. ‘चिरकारी’ या शब्दात काळ आहे, हानीचा निर्देश नाही. ‘दूषीविष’ या शब्दात हानी मुख्य आहे. जुनी संज्ञा परिभाषेत आली असती तर अर्थाची सोय अधिक झाली असती. अर्थात ती माणसाच्या शरीरापुरतीच राहिली होती; सुश्रुताने पाण्याची परीक्षा माशांच्या मरणावर सोडली, आणि आधुनिक विज्ञानानेही आरंभी तेच केले.

अमेरिकेत १९५१ मध्ये डूडोरॉफ व त्याच्या सहकाऱ्यांनी औद्योगिक सांडपाण्याची माशांवरील परीक्षा प्रमाणित केली. टाकीत मासे सोडावयाचे, सांडपाण्याचे प्रमाण बदलीत न्यावयाचे, आणि ठरलेल्या तासांत निम्मे मासे ज्या प्रमाणात मरतात ते नोंदवावयाचे. चार दिवस, म्हणजे ९६ तास, हा अवधी यातूनच सर्वत्र रूढ झाला. त्या अवधीत प्राणिशास्त्रीय असे काही नाही. सोमवारी सुरू केलेले काम शुक्रवारी संपते एवढीच त्याची सोय दिसते. डूडोरॉफ मंडळींविषयी न्यायाने सांगावयाचे तर, या आकड्यास त्यांनी ‘सुरक्षित मर्यादा’ म्हटलेले नव्हते. तो तसा वापरला गेला तो नंतर, आणि इतरांकडून.

दुसरी परंपरा माशांपासून नव्हे, तर डॅफ्निया या टाचणीच्या डोक्याएवढ्या कवचधारी प्राण्यापासून निघाली. शास्त्रीय मराठीत त्यास ‘जलपिसू’ म्हणतात. स्वीडनमधील आइनार नाउमान याने १९३० नंतरच्या दशकात विषपरीक्षेसाठी त्याचा उपयोग केला, आणि १९४४ मध्ये बर्टिल अँडरसन याने औद्योगिक सांडपाण्यातील अनेक द्रव्यांची विषमर्यादा त्याच्यावर तपासली. या प्राण्याचे महत्त्व त्याच्या प्रजननात आहे. अनुकूल स्थितीत मादी नराशिवाय पिले देते. थोड्याच दिवसांत ती प्रौढ होते, आणि मग तिच्या पाठीवरील कोशातून पिलांची एकेक खेप बाहेर पडू लागते. त्यामुळे तीन आठवड्यांत एका पिढीचे सारे जीवित डोळ्यांखालून जाते. माशाच्या बाबतीत त्याच माहितीसाठी कित्येक महिने लागतात. माउंट व स्टीफन यांनी १९६७ मध्ये माशांवर तसे प्रयोग करून ‘स्वीकार्य विषमर्यादा’ ही कल्पना मांडली होती, पण त्या प्रयोगांचा खर्च व काळ कोणत्याही नियंत्रण मंडळास परवडणारा नव्हता.

१९७२ मध्ये बीसिंगर व ख्रिस्तेन्सेन यांनी धातूंवरील जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात या दोन परीक्षांमधील अंतर एका आकड्यात दिसले. कॅडमियमचे प्रमाण लिटरला ६५ मायक्रोग्रॅम असता निम्मे डॅफ्निया ४८ तासांत मेले. तीन आठवडे ठेवल्यावर ५ मायक्रोग्रॅमलाच निम्मे मेले. आणि पिलांच्या संख्येत १६ टक्के घट होण्यास ०·१७ मायक्रोग्रॅम एवढेच पुरे झाले. म्हणजे दोन दिवसांच्या परीक्षेने जी मर्यादा सांगितली, तिच्या सुमारे ३८० व्या भागातच वंशवृद्धीवर परिणाम दिसू लागला होता. सर्वच द्रव्यांच्या बाबतीत अंतर इतके मोठे नसते. तांब्याच्या बाबतीत ते बरेच कमी आढळले. परंतु अंतर किती असेल हे तीव्र परीक्षेवरून आधी सांगता येत नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

यानंतर ही पद्धत झपाट्याने प्रमाणित झाली. माउंट व नॉरबर्ग यांनी १९८४ मध्ये सेरिओडॅफ्निया या लहान जातीवर सात दिवसांची परीक्षा बसविली. त्याच वर्षी आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या डॅफ्नियाविषयक मार्गदर्शिकेत प्रजननपरीक्षेचा समावेश झाला, आणि १९९८ मध्ये तिला २११ क्रमांकाची स्वतंत्र मार्गदर्शिका मिळाली. चोवीस तासांहून कमी वयाच्या माद्या घ्यावयाच्या, त्या एकवीस दिवस ठेवावयाच्या आणि जिवंत पिले मोजावयाची, असे तिचे स्वरूप आहे. निर्विष पाण्यातल्या माद्यांनी सरासरी साठ तरी पिले दिली पाहिजेत. तितकी न दिल्यास परीक्षाच ग्राह्य धरीत नाहीत. मरणाच्या गणतीपासून जन्माच्या गणतीपर्यंत आलेला हा बदल केवळ तांत्रिक नाही. त्याने प्रश्नच बदलला.

याच काळात कुलाबा जिल्ह्याच्या नद्या पालटत होत्या. खरे म्हणजे त्यांचे पाणी त्याआधीच पालटले होते. टाटांच्या जलविद्युत् योजनांनी घाटमाथ्यावरचे पूर्ववाहिनी पाणी पश्चिमेस वळविले. खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये सुरू झाले, भिऱ्याचे १९२७ मध्ये. ज्या मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, त्याचेच पाणी भिऱ्यास वीज निर्माण करून कुंडलिकेत उतरते. पाताळगंगा व कुंडलिका उन्हाळ्यातही वाहत राहिल्या त्या यामुळे, आणि बारमाही पाणी असल्यामुळेच त्यांच्या काठी रासायनिक कारखाने आले. १९६० मध्ये हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली. तिचा कारखाना पाताळगंगेच्या खोऱ्यात उभा राहिला. नायट्रोबेंझिन, ॲनिलीन, क्लोरोबेंझिन ही त्याची उत्पादने होती, आणि त्या परिसरास ‘रसायनी’ हे नावच पडले. उद्योगावरून गावास नाव पडावे ही गोष्ट नवी नाही, परंतु नाव टिकते आणि उद्योग जातो. २०१७ मध्ये केंद्र सरकारने तेथील कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. रसायनी हे नाव राहिले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाल्यावर रोह्याजवळ धाटाव येथे आणि सावित्रीकाठी महाड येथे औद्योगिक वसाहती झाल्या. पाण्याच्या इतिहासात महाडचे नाव त्याआधी येते ते २० मार्च १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहामुळे; पाणी कोणी घ्यावे हा तेव्हाचा प्रश्न होता.

भिऱ्याच्या वीजगृहातून पाणी सुटते ते विजेच्या मागणीप्रमाणे. त्यामुळे कुंडलिकेत सांडपाणी किती विरळ होते हे तासातासाला बदलते. कोणत्या घटकेस बाटली भरली यावर नमुन्याचा निष्कर्ष अवलंबून राहतो. नदीतळाशी चिकटून राहणारा शिंपला मात्र सर्व घटकांचे पाणी गाळून घेतो, आणि त्याच्या शरीरातच त्या पाण्याची नोंद साठते.

आता कायद्याकडे वळावयास हरकत नाही. महाराष्ट्राने १९६९ मध्ये जलप्रदूषणाविरुद्ध स्वतंत्र कायदा केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले. १९७४ चा केंद्रीय जल अधिनियम राज्याने १९८१ मध्ये स्वीकारला. कुलाब्याचा रायगड झाला तो याच वर्षी. या अधिनियमातील प्रदूषणाची व्याख्या उदार आहे. जलचरांच्या ‘जीवितास व आरोग्यास’ हानिकारक असे शब्द तीत आहेत. १८९७ मधील ‘उद्देश’ येथे गळून ‘जाणूनबुजून’ करणे वा करू देणे एवढे उरले, हीही प्रगतीच होय. परंतु चोविसाव्या कलमाने विषारी द्रव्य कोणते हे मंडळाच्या मानकांवर सोपविले. मानक कोणते? भारतीय मानक संस्थेने १९७१ मध्ये सांडपाण्याच्या तीव्र विषाक्ततेची परीक्षापद्धती प्रसिद्ध केली होती. पर्यावरण संरक्षण नियमांत १९९३ मध्ये घातलेल्या सर्वसाधारण मानकांनुसार निर्भेळ सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत असावयास हवेत. व्याख्येत जीवित आणि आरोग्य असे दोन शब्द होते. परीक्षेने त्यांपैकी पहिलाच घेतला. आरोग्य मोजण्याची रीत जगात उपलब्ध होऊन तेव्हा दोन दशके झाली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या निवडीस केवळ अज्ञान म्हणता येत नाही. चार दिवसांचा दाखला कारखान्यास सोयीचा आणि मंडळास झेपणारा होता.

मानकांत माशांचीच नेमणूक व्हावी यास भाषेचेही एक कारण दिसते. कोकणच्या बोलींत खेकड्यास मुठा, कुर्ली, चिंबोरी अशी आकार व पाणी यांप्रमाणे निरनिराळी नावे आहेत, कारण तो खाल्ला जातो. जलपिसूस लोकांच्या तोंडी नाव नाही. ज्यास नाव नाही त्याच्या मरणाची तक्रार होत नाही. नदीत मेलेले मासे तरंगले तर बातमी होते, आणि त्या माशांचे अन्न आधीच नाहीसे झाले असले तरी त्याचा बोभाटा होत नाही. २०१८ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे नोंदविले. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील असून पाताळगंगा, कुंडलिका, सावित्री व अंबा या चारही नद्या त्यांत होत्या. ती निवड पाण्याच्या जैव प्राणवायू-मागणीवरून झाली. सेंद्रिय घाण किती हे तीवरून कळते. विष किती हे कळत नाही.

या किनाऱ्यावर प्रश्न आणखी एका कारणाने बिकट होतो. महाड व रोहा ही जुनी खाडीबंदरे. भरतीचे पाणी तेथवर चढत असे म्हणून गलबते येत. औद्योगिक वसाहती अशा रीतीने गोड्या व खाऱ्या पाण्याच्या संधीवर वसल्या. गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी नदीत वाढते, पण अंडी घेऊन मादी खाडीकडे उतरते, कारण पिलांस आरंभी मचूळ पाणी लागते. मलायात लिंग या संशोधकाने १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत हे सिद्ध केले. खाली जाणारी मादी आणि वर येणारी पिले या दोघांनाही हीच संधी ओलांडावी लागते, आणि त्या वाटेवर किती दिवस गेले हे कोणत्याही ९६ तासांच्या टाकीत कळण्यासारखे नाही.

महाराष्ट्रात या प्राण्यांवर काम झालेच नाही असे नव्हे. मराठवाडा विद्यापीठात नागभूषणम्, माने इत्यादींनी शिंपल्यांच्या शरीरक्रियेचा दीर्घ अभ्यास केला. पैठणच्या गोदावरीतील शिंपल्यावर फेन्थिऑन या कीटकनाशकाची परीक्षा १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीही मुख्यतः तीव्र विषाक्ततेची होती. रायगडच्या नद्यांना परदेशी आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. डॅफ्निया मॅग्ना हा समशीतोष्ण प्रदेशातला प्राणी असून २११ क्रमांकाची परीक्षा १८ ते २२ अंश सेल्सिअसमध्ये करावयाची असते. कोकणातील नदीचे पाणी वर्षातील बहुतेक काळ याहून उष्ण असते. धातूंचे विष पाण्याच्या कठीणतेप्रमाणेही कमीजास्त होते. मॉइना व सेरिओडॅफ्निया यांच्या उष्ण कटिबंधातील जाती आपल्या तळ्यांत आहेत, त्यांची पिढी आणखी लवकर पुरी होते, आणि त्या सांभाळण्यास काचेची भांडी व शेवाळ यांपलीकडे फारसे काही लागत नाही. सावित्रीचे किंवा कुंडलिकेचे पाणी, प्रवाह कमी असलेल्या घटकेचे व भरपूर असलेल्या घटकेचे, निरनिराळे घेऊन अशा जातींच्या दोन-तीन पिढ्यांची पिले मोजणे हे काम पदव्युत्तर प्रयोगशाळेच्या आवाक्यातले आहे.