गाविलगडचे शिपाई आणि आपल्या शाळेची भिंत



नववीत असताना आपली सहल चिखलदऱ्याला गेली होती. गाविलगडाच्या तटाजवळ बसून आपण डबे सोडले, थोडा दंगा केला आणि परतलो. त्या तटाशी काय घडले, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचनातून कळले.

१८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातील अडगावजवळ नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. तेथून निसटलेल्या काही पलटणी गाविलगडावर आल्या. इंग्रजांनी मेळघाटच्या डोंगरांतून तोफा ओढत गडाच्या उत्तरेला नेल्या, तट फोडला आणि १५ डिसेंबरला गड घेतला. किल्लेदार बेनीसिंग दरवाजाजवळ लढताना पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा बहुतेक मुलूख भोसल्यांच्या हातून गेला.

इंग्रजांनी आपल्या सैनिकांची आठवण ठेवली. १८५१ मध्ये, म्हणजे ४८ वर्षांनी, तोवर हयात असलेल्यांसाठी पदक मंजूर झाले. त्याच्या पट्टीवर अडगाव आणि गाविलगड ही नावे होती, कडेवर सैनिकाचे नाव होते. गड राखताना मेलेल्यांपैकी आपल्या ओठांवर येते ते मात्र एकट्या बेनीसिंगाचे नाव. बाकीचे कोणत्या गावचे, कोणाची मुले, कोण सांगणार?

आठवण आपोआप टिकत नाही, कोणीतरी ती लिहून ठेवावी लागते. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. तिथे त्यांचा स्तंभ आहे, म्हणून गावातल्या पोरासोरांनाही तो आकडा पाठ आहे. पुण्याचे राष्ट्रीय युद्ध स्मारक १९९८ मध्ये खुले झाले, तेही नागरिकांच्या वर्गणीतून. सरकारची वाट पाहिलीच पाहिजे, असे नाही.

आपल्या शाळेच्या व्हरांड्यात बोर्डात आलेल्यांचा फलक आहे, आणि तो हवाच. पण आपल्यातलेच काही जण मॅट्रिक होताच भरतीला गेले. कोणी १९७१ पाहिले, कोणी कारगिल. काही परतले नाहीत. जे परतले ते आज शेती करतात, पेन्शनसाठी बँकेच्या रांगेत उभे राहतात आणि विचारल्याशिवाय बोलत नाहीत. त्यांची यादी कुठेच नाही. ज्या सरांना आणि बाईंना ही मुले आठवतात, त्यांचीही वये झाली आहेत.

म्हणून एक विनंती. या स्मरणिकेच्या शेवटी दोन पाने कोरी ठेवली आहेत. आपल्या बॅचमधून सैन्यात गेलेल्याचे नाव, गाव, शाळा सोडल्याचे वर्ष आणि पलटण त्यावर लिहा व संमेलनाच्या दिवशी समितीकडे द्या. शहीद आणि माजी सैनिक, दोघांचीही नावे लिहा. दगड कोणता घ्यायचा आणि वर्गणी किती काढायची, ते नंतर बसून ठरवू. आधी नावे गोळा होऊ द्या.